रुळाजवळचं गाव, रुळापासून दूरचं गाव



लहानपणी मला सुट्टीत जायला दोन गावं होती. एक काकांचं, लासूर स्टेशन. दुसरं आजोळ, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं एक लहानसं गाव. लासूरला जायचं म्हणजे औरंगाबादच्या फलाटावरून छोट्या गाडीत बसायचं. डावी-उजवीकडे माळ, मग दौलताबादचा किल्ला, मग पोटूळ, आणि शिदोरी सोडेपर्यंत लासूर यायचं. आजोळी जायचं म्हणजे पहाटे उठून एस. टी. पकडायची, मधे गाडी बदलायची, तास-दोन तास स्टँडवर काढायचे आणि शेवटचे दोन कोस मामांच्या बैलगाडीतून. पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे.

दोन्ही गावांत पाऊस सारखाच, म्हणजे बेताचा. जमीन सारखीच, कुठे काळी, पुष्कळशी मुरमाड. पण काकांच्या गावात दरवर्षी एखादं नवं दुकान दिसायचं आणि मामांच्या गावात दरवर्षी एखाद्या घराला कुलूप दिसायचं. असं का, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आधी आपला रूळ कसा आला ते पाहू. निजामाच्या राज्यातली पहिली मोठी रेल्वे वाडी ते सिकंदराबाद, ती १८७४ साली सुरू झाली. आपल्याकडे गाडी यायला आणखी पंचवीस वर्षं गेली. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं खुला झाला. लांबी ३९१ मैल, रुंदी एक मीटर. बांधणाऱ्या कंपनीचं नाव होतं निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. त्यातला 'गॅरंटीड' हा शब्द महत्त्वाचा. भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, आणि त्यावर ठरलेलं व्याज मिळेल याची हमी राज्याच्या खजिन्याची. म्हणजे गाडीत माणसं बसोत न बसोत, व्याज ठरलेलं.

मार्ग आखताना इंजिनिअरांनी काय पाहिलं? उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट, मधे गोदावरी. डोंगर चढायला खर्च, मोठी नदी ओलांडायला खर्च. म्हणून रूळ मनमाडहून निघून गोदावरीच्या उत्तरेकडूनच औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा गेला. त्या हिशेबात चूक काहीच नव्हती. पण त्या एका निर्णयानं गोदावरीच्या दक्षिणेचा मोठा मुलूख, बीड, आष्टी, पाटोदा, त्या मार्गापासून बाजूला राहिला. सातवाहनांची राजधानी असलेलं पैठण तर ऐन गोदाकाठी. तिथे आजवर रूळ पोचलेला नाही.

गंमत अशी, की जी गावं मार्गावर आली तीसुद्धा सगळी नेमकी मार्गावर नव्हती. रूळ शक्य तेवढा सरळ न्यायचा असतो, गावं काही सरळ रेषेत वसत नाहीत. म्हणून वैजापूरला जायचं तर उतरायचं रोटेगावला. मानवतला जायचं तर स्टेशनचं नाव मानवत रोड. आणि शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं लासूरगाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे. त्या स्टेशनाभोवती जी वस्ती झाली तिचं नावच पडलं 'लासूर स्टेशन'. आता बाजार तिथे, मोंढा तिथे, बँका तिथे. देवी आपल्या जागी, आणि व्यापार रुळाच्या जागी.

जालना, सेलू, परभणी, नांदेड इथले मोंढे वाढले ते याच रुळावर. जालन्याची बाजारपेठ जुनीच, पण कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या तेव्हा तिचं रूप पालटलं. सरकी काढायची, रुई दाबायची, गाठी बांधायच्या आणि मालधक्क्यावर न्यायच्या. स्टेशनजवळ जिनिंग, जिनिंगजवळ मजूर, मजुरांजवळ खानावळ, असं गाव वाढत गेलं. पण त्यासाठी नवी माणसं कुठल्या परक्या देशातून आली नाहीत. ती आजूबाजूच्या खेड्यांतूनच आली. म्हणजे रुळानं माणसं निर्माण केली नाहीत, त्यानं ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवली. लासूर स्टेशनला जे दुकान नवं निघालं ते कुठल्या तरी खेड्यात बंद झालेलं होतं. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे.

श्रोतेहो, हे आपल्यापुरतंच आहे का? आपल्यासारखाच कोरडा, उंचावरचा, झाडं नसलेला माळ अमेरिकेत आहे. नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटा, पार टेक्सासच्या वरच्या टोकापर्यंत. तिथे गोष्ट उलटी घडली. तिथे गावं नव्हती. मूळ रहिवासी आदिवासी जमातींना बळानं हुसकावलं होतं आणि जमीन मोकळी जाहीर केली होती. १८६२ च्या कायद्यानं घर बांधून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. आणि रेल्वे कंपन्यांना सरकारनं व्याजाची हमी दिली नाही, जमीनच दिली. १८५० ते १८७१ या काळात सुमारे १३ कोटी एकर. गाडी चालायची तर माल पाहिजे, माल पाहिजे तर शेतकरी पाहिजे. म्हणून कंपन्यांनी युरोपात जाहिराती करून शेतकरी आणले. कॅन्ससमध्ये १८७४ च्या सुमारास रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी हिवाळी गहू रुजवला, तो तिथल्या गव्हाच्या शेतीचा पाया झाला.

दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन, कारण घोडागाडीतून धान्य आणणाऱ्या शेतकऱ्याला एका दिवसात परत जाता आलं पाहिजे. नेब्रास्कात एका कंपनीनं तर मार्गावरच्या गावांना इंग्रजी बाराखडीच्या क्रमानं नावं दिली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड. आपल्याकडे गावाला नाव देव देतो, नदी देते, नाहीतर पाटील. तिथे ते कंपनीच्या कचेरीतल्या माणसानं दिलं.

पण पाऊस कचेरीचं ऐकत नाही. जॉन वेस्ली पॉवेल या सर्वेक्षकानं १८७८ सालीच अहवालात लिहिलं होतं, की या कोरड्या मुलखात लहान तुकड्यांवर शेती टिकणार नाही, इथे पाण्याच्या हिशेबानं जमीन वाटली पाहिजे. त्याचं कोणी ऐकलं नाही. नांगर फिरला की त्यामागून पाऊस येतो, असं तेव्हा शहाणी माणसंसुद्धा बोलत होती. काही वर्षं पाऊस बरा झाला, मग १८९० च्या दशकात दुष्काळ पडले आणि माणसं माघारी फिरली. १९३० च्या दशकात तर शेतातली मातीच वादळांबरोबर उडून गेली. तिथल्या कितीतरी तालुक्यांची लोकसंख्या सगळ्यात जास्त होती ती शंभर वर्षांपूर्वी, त्यानंतर ती उतरतच आहे. आता अवघ्या कॅन्सस राज्यात, जे आकारानं महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून थोडं मोठं आहे, सुमारे २९ लाख माणसं राहतात. १९८० नंतर तिथल्या रेल्वे कंपन्यांना तोट्याचे फाटे बंद करणं सोपं झालं आणि बऱ्याच ठिकाणचे रूळ उखडले गेले. रुळावर जन्मलेलं गाव रूळ गेल्यावर उभं राहत नाही.

आपली गावं रुळावर जन्मलेली नाहीत, हा पहिला फरक. ती हजार-दोन हजार वर्षं आहेत. दुसरा फरक, आपला मुलूख त्या अर्थानं ओसाड नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती. बीड जिल्ह्यात २४२, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात २१९. राज्याच्या मानानं विरळ, पण अमेरिकेच्या मानानं गजबजलेला. तिसरा फरक सगळ्यात मोठा. तिथली माणसं गेली ती कायमची गेली. आपली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं अशी जातात. पाच-सहा महिने गावात म्हातारीकोतारी, काही लेकरं आणि कुलपं. गाव रिकामं होतं, पण मोडत नाही. जनगणनेच्या कागदावर ती वस्ती भरलेली दिसते. मामांच्या गावात मी पाहिलेली कुलपं ती हीच.

माणसं जातात ती कशातून? ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या सगळं घेऊन. रेल्वे त्यांच्या वाट्याला आलेलीच नव्हती.

आता दुष्काळाकडे येऊ, कारण कोरड्या मुलखात रेल्वेची खरी परीक्षा तेव्हाच होते. आपला मार्ग बांधला जात होता त्याच वर्षांत, १८९९-१९०० मध्ये, दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. त्या काळी सरकार रेल्वेकडे दुष्काळावरचा उपाय म्हणून पाहत असे. धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेता येतं, हे खरं होतं. पण धान्य स्टेशनात आलं म्हणून माणसाच्या ताटात येत नाही, त्यासाठी हातात पैसा लागतो, हेही तितकंच खरं होतं.

१९७२ चा दुष्काळ मला आठवतो. रोजगार हमीची कामं, सुकडी, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. पुढे अभ्यास करताना कळलं, की मिलो हे अमेरिकेच्या त्याच कोरड्या माळावरचं पीक. म्हणजे एका कोरड्या माळावरचं धान्य दुसऱ्या कोरड्या माळाच्या ताटात पडलं होतं. मनमाडला मोठ्या गाडीतली पोती हमाल पाठीवर घेत आणि छोट्या गाडीत टाकत, असं काका सांगायचे. मुंबईची लाइन मोठी, आपली छोटी. माल असो की माणूस, मनमाडला उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. त्यात वेळ जाई, पैसा जाई, आणि पोतंही फाटे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रुंदीकरणाची मागणी पुढे होती ती उगीच नाही. ती पुरी व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

रुंदी सारखी असण्याचं मोल काय, ते लातूरनं पाहिलं. लातूरला पहिली रेल्वे १९११ साली पोचली ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीची. हीच लाइन पुढे १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांची लाडकी गाडी, पण बैलगाडीच्या चालीची. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तिचं टप्प्याटप्प्यानं रुंदीकरण झालं. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूर शहराच्या नळाला पाणी उरलं नव्हतं तेव्हा, याच मार्गानं मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेचं पाणी मांजरेच्या काठी आलं. लाइन अडीच फुटांचीच राहिली असती तर त्या टाक्या तिच्यावर चालल्याच नसत्या.

एका काळी याच मुलखात इंजिनाला पाणी लागायचं. वाफेचं इंजिन काही मैल गेलं की तहानेलं व्हायचं. फलाटाच्या टोकाला सोंडेसारखा लोखंडी खांब असायचा, फायरमन वर चढून ती सोंड टाकीत सोडायचा, आणि सांडलेलं पाणी भरायला आसपासच्या बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या. त्यासाठी रेल्वेनं विहिरी खणल्या, तलावांतून पाणी आणलं. तेव्हा मुलखानं गाडीला पाणी पाजलं. २०१६ मध्ये गाडीनं मुलखाला पाजलं. पण त्याचा अभिमान किती बाळगायचा, याचा विचार करावा. ज्या शहराला पाणी रेल्वेनं आणावं लागतं त्याचं दुखणं रेल्वेनं बरं होत नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा आणायला रूळ होता, वाफ करायला पाणी नव्हतं.

मग रुळापासून दूर राहिलेल्या भागाचं काय? नवा मार्ग मंजूर करताना रेल्वेकडे पूर्वी एक नियम होता. गुंतवलेल्या पैशावर १४ टक्के परतावा मिळाला पाहिजे. विरळ, कोरड्या मुलखात तो कुठून मिळणार? माणसं थोडी म्हणून गाडी नाही. गाडी नाही म्हणून कारखाना नाही. कारखाना नाही म्हणून माणसं बाहेर जातात, आणि मग पुढच्या पाहणीत माणसं आणखी थोडी भरतात. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. पुढे राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं तेव्हा त्याला गती आली.

मंजुरीची बातमी आली तेव्हा मी आजोळी होतो. मामा साठीला आलेले. त्यांनी अंगणात बाजेवर बसून पेपर दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "हे बघ भाच्या, माझ्या नातवाचं वऱ्हाड रेल्वेनं जाईल." नातू तेव्हा पाळण्यात होता.

नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. बीडपर्यंत आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी. मंजुरीपासून तीस वर्षं. मामा २०११ मध्येच गेले. नातवाचं लग्न झालं, वऱ्हाड दोन जीपगाड्यांतून गेलं. नातू आता पुण्याजवळ एका कंपनीत आहे.

आष्टीची गाडी सुरू झाल्यावर मी मुद्दाम तिच्यातून गेलो. माझ्या डब्यात मोजकीच माणसं होती. एक आजीबाई नातीला घेऊन निघाल्या होत्या, रेल्वेत बसायची त्यांची पहिलीच वेळ. त्या सारख्या बाहेर बघत होत्या आणि ओळखीचा डोंगर दिसला की नातीला दाखवत होत्या. "ह्यो बघ, ह्याच्यामागं आपलं रान." साऱ्या आयुष्यात ज्या डोंगराकडे खालून पाहिलं तो त्यांनी पहिल्यांदा खिडकीतून पाहिला. समोरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, डबा रिकामा दिसतोय. अशानं बंद करतील हो."

श्रोतेहो, मला बोलायचं आहे ते या वाक्याविषयी. तीस वर्षं जिथे गाडी नव्हती तिथे माणसांनी आपापल्या वाटा शोधलेल्या असतात. एस. टी., जीप, दुचाकी, ऊसतोडीचा ट्रक. नवी गाडी आली म्हणून त्या सवयी महिन्याभरात सुटत नाहीत. लासूर स्टेशनचा मोंढा तरी एका वर्षात कुठे उभा राहिला? त्याला पिढ्या लागल्या. पहिल्या वर्षाच्या तिकीटविक्रीवरून अशा मार्गाचं मोल ठरवणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या आठवड्यात खळं मागण्यासारखं आहे.

पण नुसतं थांबूनही चालणार नाही. गाडीची वेळ बाजाराच्या, कॉलेजच्या, कोर्ट-कचेरीच्या वेळेशी जुळली पाहिजे. स्टेशनावर उतरल्यावर पुढच्या खेड्यांत जाणारी एस. टी. उभी पाहिजे, कारण विरळ वस्तीत स्टेशन हे कुणाचंच गाव नसतं, सगळ्यांना तिथून पुढे जायचं असतं. कांदा, कापूस, जनावरांचा चारा चढवायला-उतरवायला मालधक्का पाहिजे. आणि लहान स्टेशनांवरचे थांबे राहिले पाहिजेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर अनेक पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं नाव मिळालं आणि कितीतरी लहान थांबे गेले. लहान स्टेशनावर गाडी थांबली नाही की तिथल्या माणसाला ती असून नसल्यासारखीच.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. छत्रपती संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणही २०२५ मध्ये मंजूर झालं. म्हणजे या मुलखात पुढची काही वर्षं रूळ पडतच राहणार. शंभर वर्षांपूर्वीच्या रुळानं कुठलं गाव वाढलं, कुठलं मागे पडलं, हे आपण पाहिलेलं आहे. नवा रूळ आखताना निदान एवढं तरी विचारावं, की ज्या गावांजवळून तो जातो आहे त्यांना त्यात चढता येईल का. आणि ज्यांच्यापासून तो दूर जातो आहे, त्यांना स्टेशनपर्यंत कोण नेणार?

मागच्या दिवाळीत मामांच्या नातवाचा फोन आला. म्हणाला, "काका, औंदा पोरांना गावाकडं रेल्वेनं नेणार हाय. गाडीची वेळ तेवढी बघून सांगा." मी वेळ बघून सांगितली. नगरला दोन तास थांबावं लागत होतं. तो म्हणाला, "थांबू की. आबांनी तर तीस वर्षं वाट बघितली."

नमस्कार.